वसंताच्या घराचा ॲक्सल

पत्रकाराजवळ किस्से साचतात ते तो गप्पिष्ट असतो म्हणून, असा एक गैरसमज आहे. साफ खोटं! किस्से साचतात ते संपादकांमुळे. छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जाते आणि विषय संपतो. न छापलेली मात्र आपल्या घरी राहते, आपल्याबरोबर जेवते आणि आपल्याबरोबरच म्हातारी होते. जबलपूरच्या एका हिंदी दैनिकात मी उभा जन्म काढला. पासष्टच्या लढाईतल्या माझ्या न छापलेल्या बातम्यांवर दुसरं एक दैनिक सहज चाललं असतं!

त्यातल्या या काही. सगळ्या एकाच घराच्या. पण त्या घराला चाकं होती, हे आधीच सांगून ठेवतो.

* * *

वसंता देशकर आमच्या गल्लीतला. तोफांचं काम चालायचं अशा कारखान्यात टर्नर. लढाईचे दिवस, ओव्हरटाइम जोरात, गावोगावचे कामगार येऊन राहिलेले, आणि राहायला जागा म्हणून कुठे नाही. वसंता थोरल्या भावाच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये. भाऊ, वहिनी, मुलं आणि हा. भाऊ ड्युटीवरून आला की वसंता खाटेवरून उठायचा आणि भाऊ पडायचा. ती खाट कधी थंड झाली नाही.

अशात याचं लग्न झालं. मुलगी वर्ध्याची, कुसुम. सासरे तात्यासाहेब म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले नाझर. लग्न लावलं, जेवणं झाली आणि पाठवणीच्या वेळी त्यांनी विचारलं, "जावईबापू, राहता कुठे?"

वसंताने खरं ते सांगितलं. तात्यासाहेब म्हणाले, "मुलगी घरात पाठवतो मी. पाळीत नाही."

कुसुम माहेरीच राहिली!

मी चिडलो. क्वार्टर वाटणाऱ्या साहेबाच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला, "देश में लड़ाई चल रही है और आपको बेडरूम की पड़ी है?"

मी म्हणालो, "साहब, लड़ाई सीमा पर है. आपके बेडरूम तक तो नहीं आई न?"

त्याने मला बाहेर काढलं. मी बातमी लिहिली. संपादकांनी ती परत केली. "लढाईच्या दिवसांत जागेची तक्रार म्हणजे शत्रूला माहिती!"

"शत्रू काय वसंताच्या बायकोला न्यायला येऊन राहिला आहे? तिला वसंतालाच आणता येईना!"

ती बातमी अशी वाचली, की अजून माझ्याकडेच आहे.

* * *

सिव्हिल लाइन्समध्ये मिसेस हॅरिस नावाची अँग्लो-इंडियन विधवा राहायची. नवरा रेल्वेत होता, शिकारीचा शौकीन. त्याने जंगलात मुक्काम करायला इंग्रजांच्या वेळचं एक कॅरॅव्हान घेतलं होतं. अंड्याच्या आकाराचं, पत्र्याचं, मोटारीमागे जोडून ओढायचं. आत घडीचा पलंग, फळी, एक कपाट आणि दोन्हीकडे काचेच्या खिडक्या. आता बाई बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघाली होती. बंगला विकलेला. नव्या मालकाला दिवाळीआधी आवार रिकामं हवं होतं.

मी वसंताला घेऊन गेलो. वसंताने दार उघडून आत पाहिलं. घडीचा पलंग उघडला, मिटला, पुन्हा उघडला. इतकं मोठं घर त्याने जन्मात पाहिलं नसावं.

बाई म्हणाली, "ले जाओ, मैन. फ्री. लेकिन तोड़ के नहीं ले जाने का. ठेले पे नहीं. विलियम का गाड़ी अपने पैर पे जाएगा!"

आमच्याबरोबर भाऊराव होते. भाऊराव म्हणजे त्याच कारखान्याच्या लोहारशाळेतले बडे मिस्त्री; आवाज असा, की खाजगी बोलायला त्यांना मैदान लागायचं. ते खाली वाकले. दोन्ही चाकं जोडणारा ॲक्सल मधोमध वाकलेला, स्प्रिंगचे पट्टे गंजून एकजीव झालेले, दोन तर तुटून जमिनीत रुतलेले.

भाऊराव उठले आणि म्हणाले, "मेमसाब, गाड़ी तो है. पैर दिखाओ!"

* * *

आता नानाजींची ओळख करून देतो. नानाजी कारखान्यात इन्स्पेक्शनला. झालेला माल तपासायचा आणि पास-नापास करायचा. खिशात दोन खडू, लाल आणि पांढरा. लाल झिजून नखाएवढा झालेला, पांढरा अख्खा! सवय अशी जडलेली, की घरी मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा लिहायचे, "सशर्त मंजूर."

भाऊरावांचं म्हणणं, जुना ॲक्सल तापवून सरळ करू. नानाजींनी त्याच्यावर लाल फुली मारली.

"काहून?" भाऊराव ओरडले.

"थकला आहे तो."

"लोखंड थकते काय बे कधी?"

"तुमच्या हाताखाली सगळं थकते."

दोघं आठ दिवस बोलले नाहीत. निरोप मी पोचवायचो. पत्रकारितेत याहून अवघड काम मी केलेलं नाही.

शेवटी भाऊरावांनीच तोड काढली. रिछाईच्या वाटेवर एका कबाड्याकडे इंग्रजी फौजेच्या जुन्या पाण्याच्या ट्रेलरचा ॲक्सल पडला होता. पट्ट्यांसकट, मनगटाएवढ्या बोल्टांसकट. नानाजींनी घण मारून पाहिला, कान लावून ऐकला. खिशात हात घातला. पांढरा खडू बाहेर आला!

ॲक्सल मात्र कॅरॅव्हानपेक्षा रुंद निघाला. चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर येणार होती. मिसेस हॅरिसने मापं पाहिली, डोक्याला हात लावला. "ओ गॉड! विलियम का गाड़ी कमर पे हाथ रख के खड़ा रहेगा!"

* * *

जुना ॲक्सल काढायला गाडी उचलणं भाग होतं. आवारातल्या कडुलिंबाच्या फांदीला चेन-पुली बांधली आणि वसंताचं घर वर चढवलं. बोल्ट गंजून असे बसले होते, की पाना चालेना. वसंता करवतीने कापत होता. अशात भरदुपारी हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा झाला. आम्ही सगळे आवारात खणलेल्या खंदकात.

बिल्ला लावलेला वॉर्डन शिटी फुंकत आला आणि झाडाकडे पाहून शिटी विसरला.

"ये क्या लटका रखा है?"

वसंता खंदकातून म्हणाला, "घर है, भैया."

"घर? पेड़ पे? नीचे उतारो! ऊपर से बम गिरा तो?"

भाऊराव म्हणाले, "गिरने दो. घर नीचे आ जाएगा. हम भी तो वही करने वाले हैं!"

ही मी बातमी केलीच. संपादक म्हणाले, "'ॲक्सल' काढा. 'फौज' काढा. 'कारखाना' काढा. भोंगा तर काढाच." दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, कोपऱ्यात छापून आलं: "नगर के एक नागरिक ने अपने घर की मरम्मत की."

मिसेस हॅरिसने तेवढं कात्रण मागून घेतलं, ऑस्ट्रेलियाला न्यायला!

* * *

नवा ॲक्सल चढला, पट्टे बसले, चाकं फिरली. पेट्रोलची टंचाई, जीप कोण देणार? पाटनचा एक मराठी शेतकरी बाजाराला यायचा, त्याची बैलजोडी मागितली. चाचणी आवारातच. रीतीप्रमाणे इन्स्पेक्शन म्हणून नानाजी आत बसले, हातात पाण्याने भरलेला पेला. पाणी हिंदकळलं नाही तर पास.

बैल निघाले. पहिला दगड आला. गाडी जागच्या जागी उडाली. दुसरा आला. पुन्हा उडाली. एक काच खळकन गेली. आतून नानाजींचा आवाज आला, मग पेल्याचा, मग पुन्हा नानाजींचा.

दार उघडलं. सगळं पाणी नानाजींच्या टोपीवर.

भाऊराव खूश! "पाहा! पट्टा जरासा दबला नाही. मजबूत!"

"पट्टा मजबूत आहे बाप्पा," नानाजी म्हणाले, "मी नाही!"

गोम लगेच कळली. टनभर पाणी वाहायला केलेले ते पट्टे. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला ते काय दबणार? उपाय सोपा होता. थरातले चार पट्टे काढायचे, की स्प्रिंग नरम. मी तसं बोललो. भाऊराव माझ्यावर असे धावून आले, की जणू मी युद्धबंदी सुचवली!

"लढाई चालू असताना मी माल कमजोर करू? माझ्या हातून?"

नानाजी टोपी पिळत म्हणाले, "मग वजन भरा."

"कशाचं?"

नानाजींनी आमच्या सगळ्यांकडे नजर फिरवली. मग पांढऱ्या खडूने दारावर लिहिलं: "सशर्त मंजूर. माणसं भरूनच चालवावे."

* * *

तात्यासाहेबांचा निरोप आला. कुसुमला घेऊन येतो आहे. घर पसंत पडलं तर ठेवून जाईन, नाही तर त्याच पावली परत नेईन. पुन्हा विचारू नये.

आता ऐका. घर माझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत उभं करायचं ठरलं होतं. मिसेस हॅरिसची मुदतही त्याच दिवशी संपत होती. सकाळी गाडी हलवायची, दुपारपर्यंत पोचवायची, वहिनी सारवून रांगोळी काढणार आणि संध्याकाळच्या गाडीने तात्यासाहेब येणार. त्या दिवसांत एकही रेल्वेगाडी वेळेवर येत नव्हती. त्यांनी आधीची एक रखडलेली गाडी पकडली आणि ती त्यांना दुपारीच घेऊन आली!

अंगणात मी एकटा. समोर टांगा उभा राहिला. तात्यासाहेब उतरले, काळी टोपी, काठी. टांग्यात कुसुम, मांडीवर हात, पायाशी ट्रंक.

"नमस्कार. वसंतरावांचं घर कुठे आहे?"

मी आयुष्यात मंत्र्यांना तोंडावर उत्तरं दिली आहेत. इथे तोंडातून निघालं, "येऊन राहिलं."

"काय?"

"घर. येऊन राहिलं, तात्यासाहेब. चौकापर्यंत पोचलं असेल."

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. गल्लीच्या तोंडाशी बैलजोडी, बैलांपुढे घामाघूम वसंता, आणि मागे घर. खिडक्यांतून डोकी, दारातून डोकी. नानाजींची अट भाऊरावांनी अक्षरशः पाळली होती. अख्खी गल्ली आत भरलेली! पण चाल कशी होती म्हणता? लोण्यासारखी. पट्टे छान दबलेले, गाडी पाण्यातल्या नावेसारखी आली आणि अंगणात थांबली.

तात्यासाहेबांनी विचारलं, "यात राहतात किती जण?"

वसंता खिडक्यांतली डोकी मोजू लागला.

तात्यासाहेब टांगेवाल्याकडे वळले. "सामान उतरवू नको रे."

"बाबा," टांग्यातून कुसुम म्हणाली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. "आत किती आहेत ते काय पाहता? उतरल्यावर किती उरतात ते पाहा न."

तात्यासाहेब थांबले. काठी टेकून दारासमोर उभे राहिले.

"उतरा बे सगळे!" भाऊराव गरजले.

वहिनी उतरल्या, मुलं उतरली. दूधवाला उतरला. बिल्ल्यासकट वॉर्डन उतरला! मिसेस हॅरिस उतरली, हॅट सावरत, तात्यासाहेबांना "गुड आफ्टरनून" म्हणत. सर्वात शेवटी नानाजी आणि भाऊराव, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

आत कुणी नव्हतं. घडीचा पलंग, फळी, कपाट.

आणि वजन उतरताच ते सगळे पट्टे करकरले. घर हळूच हललं, आणि आमच्यादेखत, जमिनीपासून वीतभर वर उठलं.

बैलसुद्धा वळून पाहत होते. तात्यासाहेब एक पाऊल मागे सरले. टोपी नीट केली. मग मान न वळवता टांग्याच्या दिशेने म्हणाले,

"कुसुम, उतर. आयुष्यभर कचेऱ्यांतून फिरलो, मला पाहून कधी कुणी खुर्चीवरून उठलं नाही. हे घर उठलं!"