अडलेल्या बॅटरीची समजूत

"अडलेल्या वस्तूशी भांडू नये, तिची समजूत काढावी," असं आक्का नेहमी म्हणायची. गल्लीतली शिलाई यंत्रं आयुष्यभर तिच्याच हातून नीट झाली. वस्तूंशी ती मायेनं वागे. माणसांपुढे मात्र तिची जीभ म्हणजे कात्री.

त्या दुपारी तिची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर आली आणि तिनं रेकॉर्डर बाकावर ठेवला. धाकटी अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून त्यात भरायची. मुलांनी एकदा तक्रार केली, "बाई, गोष्टीत काहीतरी खडखडतंय." सैल बॅटऱ्यांचा आवाज तो. धाकटीनं दोन्हींना चिकटपट्टी गुंडाळून त्या घट्ट बसवल्या. उन्हानं पट्टीचा चिकटा वितळला, एक बॅटरी पाझरली आणि दोन्ही जागीच रुतल्या.

उद्या धाकटीच्या घशाची शस्त्रक्रिया. आवाज राहील याची हमी डॉक्टर देत नव्हते. संध्याकाळच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अजून बाकी होतं. मोबाईलवर वाचून पाहिलं, तर तिचा बसलेला आवाज त्यात पकडलाच जाईना, नुसती घरघर उमटली.

"स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू का?" नवऱ्यानं विचारलं.

"उचकटा की, भावोजी. आतली पत्र्याची जीभ मोडली की यंत्र मुकं. मग गोष्ट तुम्हीच सांगा."

भावोजी हात मागे घेऊन खाली बसले.

आक्कानं हातमोजे चढवले. कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगरचा थेंब सोडला. पांढरा थर फसफसला. एक बॅटरी सुटली. दुसरी हटून बसली. आक्कानं सुईनं पट्टीमागे दोरा सारला आणि करवतीसारखा हळूहळू ओढू लागली. उन्हाची तिरीप बाकावरून भिंतीवर चढली. दोरा तुटला.

"आक्का, राहू दे गं," धाकटी कुजबुजली.

"तू तोंड मिटून बस. आवाज काय झाडाला लागलाय?"

आक्कानं काजाचा जाड दोरा घेतला. बॅटरी हलली, पण तिच्याबरोबर पत्र्याची जीभही वर येऊ लागली. आक्काचा हात जागीच थांबला. आक्कानं बॅटरी होती तशी खाली बसवली, आणखी एक थेंब सोडला आणि थांबली. बाहेर दवाखान्यात न्यायला गाडी येऊन उभी राहिली, हॉर्न वाजला. आक्कानं मान वर केली नाही.

मग टक् झालं. बॅटरी तिच्या तळहातावर आली. जीभ वाकली होती, हिरवी पडली होती, पण शाबूत होती. आक्कानं ती खोडरबरानं घासली, नव्या बॅटऱ्या घातल्या. तांबडा दिवा लागला. आणि खडखड पुन्हा सुरू झाली.

"पट्टी लावू?" धाकटीनं खुणेनं विचारलं.

"खबरदार! वाच तू." आक्कानं झाकणावर अंगठा दाबून धरला.

भावोजी गाडीवाल्याला थोपवायला गेले. धाकटी वाचू लागली. आवाज चिरकला, बसला, पुन्हा उठला. शेवटचं वाक्य जेमतेम ओठांबाहेर पडलं. तोवर आक्काचा अंगठा तसूभरही हलला नव्हता.

"शाळा बंद व्हायच्या आत देऊन येते," आक्का म्हणाली, "आणि तशीच दवाखान्यात येते. तोवर भावोजींशी बोलू नकोस. सवय होऊ दे त्यांना."

धाकटी आवाज न करता हसली. गाडीत बसून ती पाहत राहिली. आक्का रेकॉर्डर काखेत धरून, बधिर झालेला अंगठा झटकत, गल्लीच्या टोकाकडे झपझप निघाली होती.