सविताच्या गाडीला स्पॉन्सर शोधताना

गॅरेजमधल्या जुन्या डब्यात नट-बोल्ट जसे साठतात ना, तसे आमचे किस्से साठलेत. कोणी मुद्दाम जमवले नाहीत, पण डबा हलवला की वाजतातच! परवा चहाला बसलो होतो, कोणीतरी म्हणालं, "ते पपईचं सांगा." पपईचं सांगितलं तर घोड्याचं राहिलं, घोड्याचं सांगितलं तर वखराचं. शेवटी म्हटलं, एकदा सगळंच सांगून टाकतो.

आम्ही तिघं. शहाद्यात माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान. शेजारी बापूंचं टू-व्हीलर गॅरेज. बापू पन्नाशीचे, बोलणं अस्सल अहिराणी, हातात कायम पाना. आणि तिसरी सविता पावरा. गाव तोरणमाळ, नोकरी पायथ्याच्या उपकेंद्रात नर्सची. लसीचा डबा मागे बांधून ती त्या डोंगरात मोटरसायकल अशी चालवायची, की एकदा बापूंनी ते पाहिलं आणि दोन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हाई पोरले रेसमा उतारनं शे!"

मातीतल्या रेसचा सीझन असतो. वेगवेगळ्या शहरांत फेऱ्या होतात, बायकांचा गट वेगळा असतो. सविता लगेच तयार झाली. गाडी बापूंनी जुनी घेऊन नवी केली. पण टायर, एन्ट्री, नेणं-आणणं, हे सगळं आमच्या खिशातलं नव्हतं. स्पॉन्सर हवा होता. नाहीतर गाडी गॅरेजमध्ये आणि सविता डोंगरात!

*

पहिले गाठले कळसाडीचे अप्पा. खत-बियाण्यांचं दुकान, माणूस दिलदार, पण हिशेबाला पक्का. मी त्यांना जर्सीचं डिझाइन दाखवलं. पाठीवर मोठ्या अक्षरात त्यांच्या दुकानाचं नाव.

अप्पांनी चष्मा वर केला. "पाठवर कसाले?"

म्हटलं, "अप्पा, सविता पुढे असली की मागच्या सगळ्यांना तुमचंच नाव दिसणार!"

अप्पांनी डिझाइन लांब धरून बघितलं. मग म्हणाले, "आनि पोर मांगे ऱ्हायनी ते?"

मी डिझाइनची पुढची बाजू दाखवली. ती कोरी.

"मंग छातीवर बी टाक! ती हारनी ते हारनी, मन्हं नाव हाराले नको!"

त्या दिवसापासून जर्सीला दोन्हीकडे नाव.

*

दुसरा स्पॉन्सर पपईचा बागायतदार. त्याने रोख काही द्यायचं नाही, असं आधीच सांगितलं. "खेळाडूच्या खुराकाची जबाबदारी माझी!" आम्ही खूश. आम्हाला वाटलं, आठवड्याला दोन-चार पपया येतील.

पिकअप आली. भरून!

माल उतरवून ड्रायव्हर निघून गेला. गॅरेजमध्ये गाडी बाहेर, पपई आत. बरं, पपई काय थांबते का? चार दिवसांत सगळी एकदम पिकली. गल्लीत वाटली, पोलीस चौकीत दिली, बँकेत दिली. बापूंच्या घरी सकाळी पपई, संध्याकाळी पपई. गॅरेजमध्ये येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पंक्चर काढून पपई घेऊन जायचं. पुढे पुढे लोक पंक्चर असूनही येईनात!

सविताचा फोन आला. "दादा, एक विनंती होती."

"बोल."

"पुढचा स्पॉन्सर शेव-चिवड्याचा बघा."

*

सराव कुठे करायचा हा मोठा प्रश्न होता. बापूंचे चुलतभाऊ नाना. त्यांचं कापसाचं रान तेव्हा मोकळं होतं. म्हणाले, "करा, मातीच ते शे!" आम्ही बांधाची माती ओढून उंचवटे केले, वळणं आखली. सविता हेल्मेट घालून उतरली आणि गरागरा फिरायला लागली. उंचवट्यावरून गाडी उडायची, धपकन खाली, परत वळण. धुळीचे लोट!

नाना बांधावर उकिडवे बसून बघत होते. आम्हाला वाटलं, भारावून गेले.

अर्ध्या तासाने उठून बापूंच्या कानाशी आले. "पोर इतली फिरीच ऱ्हायनी, ते मांगे वखर बांधी देऊ का?"

बापू चिडले. नाना मात्र गंभीर होते. "अरे, पेट्रोल तुन्हंच जाई ऱ्हायनं, मन्ही फुकट मशागत व्हई जाई!"

*

आता हे सविताने स्वतः सांगितलेलं.

एकदा सरावात उशीर झाला, वरच्या पाड्यावर लसीकरणाची वेळ झालेली. कपडे बदलायला वेळ नव्हता. ती तशीच गेली. छातीला गार्ड, पाठीला गार्ड, गुडघ्याला, कोपराला, पायात ते लांब बूट. अंगणवाडीसमोर गाडी लावली, लसीचा डबा सोडला.

बाया पोरांना घेऊन ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी, नातवाला कडेवर घेऊन. तिने सविताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गार्डवर बोटाने टकटक वाजवून पाहिलं. मग मागे वळून सगळ्यांना पावरी बोलीत काहीतरी म्हणाली.

ओळ पांगली! अंगणवाडीसमोर फक्त सविता आणि डबा.

मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"म्हणाली, टोचणारीच एवढं बांधून आलीय, मग टोचून घेणाऱ्याचं काय होईल?"

सगळे गार्ड उतरवून, स्वतःच्या दंडावर रिकामी सिरिंज धरून दाखवली, तेव्हा कुठे ओळ परत लागली. म्हातारी या वेळी सगळ्यांत शेवटी!

*

अक्कलकुव्याचा एक बँडवाला तयार झाला. अट एकच. त्याच्या एका वरातीत सविताने रेसची गाडी घेऊन पुढे चालायचं. "नुसती चालवायची, बेन! थोडी रेस करायची, पब्लिक खूश!"

नवरदेव घोड्यावर. पुढे बँड, पुढे नाचणारी पोरं, सगळ्यांत पुढे सविता. मांडव समोर दिसत होता, पण वरात काही सरकत नव्हती. आपल्याकडे कुठली सरकते? मुहूर्त टळायला आलेला, भटजी मांडवात घड्याळ बघतायत.

बँडवाल्याने खूण केली. सविताने ॲक्सिलरेटर पिळला.

रेसच्या गाडीच्या सायलेन्सरचा तो आवाज! घोड्याने दोन्ही कान मागे टाकले आणि सुटला. बँडमधून, नाचणाऱ्या पोरांमधून, करवल्यांमधून सरळ मांडवात! नवरदेव घोड्याच्या मानेला मिठी मारून. घोडा थेट आंतरपाटासमोर जाऊन थांबला. भटजी भला माणूस, त्याने नवरदेवाला श्वासही घेऊ दिला नाही. मंगलाष्टकं सुरू!

आम्ही पळून जायच्या बेतात होतो. तेवढ्यात नवरदेवाचे वडील आलेच. मी हात जोडले. त्यांनी माझेच हात धरले. डोळ्यांत पाणी.

"मन्हा आयुष्यमा पहिलं लगन टाइमवर लागनं, भाऊ!"

बँडवाल्याकडे त्यानंतर "गाडीवाली बेन पण पाहिजे" अशा सुपाऱ्या यायला लागल्या. आम्ही नाही म्हटलं. घोडेवाल्यानेही नाही म्हटलं.

*

आता माझी स्वतःची गंमत. पहिल्या फेरीला निघायच्या आधी चौकात शुभेच्छांचा बॅनर लावायचा ठरला. दुकान माझं, म्हटलं असा करतो की लोक बघत राहतील! अप्पांचा फोटो आला. पपईवाल्याचा आला. बँडवाला म्हणाला, माझ्या दोन्ही मुलांचेही टाका. नानांनी रानाचे हक्क सांगितले. मग अप्पांच्या व्याह्यांचा फोन आला. मी लावत गेलो.

बॅनर चढला. सविता ड्युटीवरून आली, चौकात गाडी थांबवली आणि मान वर करून बघत राहिली. सगळे कोपरे बघून झाले.

"दादा, यात मी कुठंय?"

मी बघितलं. तिचा फोटो लावायचाच राहिला होता!

बापूंनी शांतपणे पान्याला फडकं मारलं. "तुले समदं गाव वळखस. फोटोनी काय गरज शे?"

*

छोटे स्पॉन्सर झाले, पण टायर राहिले होते. रेसचे टायर महाग, आणि ते देणारा हवा मोठाच. सुरतेहून एका ऑइल कंपनीचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. गाडीकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "मॅडमचे फॉलोअर किती?"

सविताच्या उपकेंद्रात फोनला रेंज नाही. तिचे कसले फॉलोअर!

बापू पुढे झाले. "फॉलोअर म्हंजे मांगे येनारा ना, सायेब? मंग आठेतून तोरणमाळलगून समदा इना मांगेच ऱ्हातस!"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "पहिल्या फेरीला मी स्वतः येतो. बघतो आणि ठरवतो."

टायर मिळाले. सीझनभर मिळाले, सविता सगळ्या फेऱ्या खेळली. पण ते कसे मिळाले हे अजून आम्हा तिघांनाही नीट सांगता येत नाही. काय घडलं तेवढं सांगतो.

*

पहिली फेरी नाशिककडच्या एका मैदानावर होती. सविताचे वडील आमच्याबरोबर आले. तोरणमाळ उतरून ते सहसा कुठे जात नाहीत. मोजकं बोलणारा माणूस. गाडीशेजारी पिकअपमध्ये बसले, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी. वाटेत त्यांनी बापूंना एकच प्रश्न विचारला, "पोरगी ज्यावर पळणार, तो रस्ता कुठे जातो?"

बापू म्हणाले, "कोठेच नही जात. गोल शे."

त्यांनी भाकरीच्या फडक्याची गाठ घट्ट केली.

रेस सुरू झाली. सविताची सुरुवात वाईट झाली, पण दुसऱ्या फेऱ्यात तिने दोघींना मागे टाकलं. मग आणखी एकीला. लाउडस्पीकरवर तिचं नाव! बापू पाना हवेत फिरवत नाचायला लागले. ऑइलवाले साहेब खुर्चीतून उठून दोरीपर्यंत आले. दोन फेरे उरले आणि सविता पहिली झाली. मी ओरडून ओरडून घसा बसवला.

तेवढ्यात तिचे वडील उठले. शांतपणे दोरीजवळ गेले. खांद्यावरचा पंचा नीट केला. सविता वळणावरून येत होती. त्यांनी हात वर केला आणि मैदानाच्या फाटकाकडे दाखवला.

सविताने त्यांच्याकडे बघितलं. गाडी वळवली आणि फाटकातून बाहेर गेली!

लाउडस्पीकर गप्प. झेंडा धरलेला माणूस झेंडा धरूनच उभा. आम्ही पळालो. साहेब आमच्याही पुढे!

बाहेर रस्त्याकडेला निंबाचं झाड होतं. गाडी खोडाला टेकवलेली, हेल्मेट हँडलला. सविता खाली बसलेली. वडील दोरीखालून जवळच्या वाटेने आमच्याआधीच पोहोचले होते, फडकं सोडत होते.

साहेबांना धाप लागलेली. "गाडी बिघडली?"

"नाही."

"तुम्हाला लागलं का?"

"नाही."

"अहो मग? पहिल्या होतात तुम्ही! बाहेर का आलात?"

सविताने हाताची धूळ झटकली. "बाबांनी हात केला. म्हणतात, रस्ता कुठेच जात नाही, तर आधी जेवून घे."

साहेबांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि त्यांच्यापुढे धरला. जरा सरकून सावलीत जागा केली.

साहेबांनी एकदा मैदानाकडे वळून बघितलं. मग चकचकीत बूट काढले आणि मातीत मांडी घालून बसले.