चालत वाजवलेला ट्रम्पेट

धाकट्या बहिणीचा पहिला अल्बम गेल्या वर्षी आला. ब्लूज, सोल आणि रॉक अशा पाश्चात्त्य ढंगांची गाणी, आणि त्यांच्या जोडीला पितळी वाद्ये. त्यासाठी तिला रामनगरचे आमचे काका हवे होते. काकांनी उमेदीची सगळी वर्षे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. खानापूरपासून जोयड्यापर्यंत कितीतरी लग्नांच्या व्हिडिओंत ते दिसतात. ऐकू मात्र येत नाहीत, कारण व्हिडिओवाले वरातीवर सिनेमाचे गाणे चढवतात. त्यांचे वाजवणे कुठेच साठवलेले नव्हते. बहिणीला ते राहून जायला नको होते.

गणेशगुडीत ओळखीच्या लॉजचा हॉल मिळाला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवल्या. रेकॉर्डिंगसाठी बहिणीचा एक मित्र बेंगळूरहून आला होता. त्याने काकांना हेडफोन लावून माइकसमोर उभे केले. गाणे संथ होते. काका पहिल्या खेपेला मागे पडले, दुसऱ्या खेपेला पुढे निघून गेले. दुपारपर्यंत एकही तुकडा जमला नाही. बेंगळूरमध्ये चांगले वाजवणारे आहेत, असे मित्र बहिणीला हळूच म्हणाला. काकांनी ते ऐकले.

“व्हय, त्यास्नीच बोलीव. मला उभं ऱ्हाऊन जमत न्हाई. पाय थांबले की दम बी थांबतोय.”

“मग चालत वाजवा की, काका,” बहीण म्हणाली.

“हितं? ह्या गाद्यांत?”

“अंगणात.”

“आणि नवरा कोन? ह्यो?” काकांनी मित्राकडे बोट दाखवले. “घोडं आन मग.”

अंगणात मी माइकची काठी धरून काकांच्या बाजूने चाललो. बहीण पुढे उलटी चालत हाताने ठेका देत होती. काकांनी गाणे एका दमात पूर्ण केले. कुठेही घाई नव्हती. अडचण एवढीच की खडीवरची पावले सुरांबरोबर ध्वनिमुद्रित झाली होती. चपला काढून पाहिले, तरी ती ऐकू येत होती. नंतर ती पुसता येणार नाहीत, असे मित्राने स्पष्ट सांगितले.

बहिणीने महिनाभर विचार केला. शेवटी ते एक गाणे तिने पावलांसकट ठेवले. बाकीच्या गाण्यांत ट्रम्पेट बेंगळूरच्या वादकाचा आहे.

हे सांगायला ती स्वतः रामनगरला गेली. मी बरोबर होतो. तिने फोनवर अल्बम लावला, काका पहिल्या गाण्यापासून ऐकू लागले. दुसऱ्याच्या वाजवण्यावर म्हणाले, “पोरगं चांगलं हाय.” मग त्यांचे गाणे लागले. ते फोनकडे बघत राहिले.

“मी असं वाजवतोय व्हय?”

काकू दारात येऊन उभ्या होत्या. बँडवाल्यांच्या बायकांना लग्नांची आमंत्रणे नसतात. त्यांनी घरातला सरावच तेवढा ऐकला होता.

“घरात कधी असं वाजवलं न्हाईसा.”

“घरात चालायला जागा कुठं हाय?”

काकू खाली बसल्या. बहिणीला म्हणाल्या, “परत लाव गं.”