एरियलखालचा रंग

मी फौजेच्या सिग्नल्समध्ये नाईक असताना माझी कलकत्त्याला बदली झाली. ही सत्तरच्या आगेमागेची गोष्ट. गार्डन रीचला नदीकाठच्या एका गोदामात आमचं कंट्रोल स्टेशन होतं. शहरात मराठी कुटुंबं होती म्हणे, पण ती सगळी साहेबलोकांची. बराकीत माझ्याशी मराठी बोलणारा माणूस एकच, लान्सनायक शेलार, आमच्या साताऱ्याकडचाच. तो जीपवरचा वायरलेस ऑपरेटर, त्यामुळे दिवसभर बाहेर. मला तो भेटायचा बहुतेक हेडफोनमध्येच. दुपारचा रेडिओ चेक आटोपला की नियम मोडून हळूच विचारायचा, "जेवलास काय रं?" मी त्याला झापायचो. पण तो रजेवर गेला की दिवस खायला उठायचा.

गाडीतल्या सेटवर आवाज का तुटतो, असं सिव्हिलियन लोक मला अजून विचारतात. कारणं साधी आहेत. लोखंडी पूल आणि ज्यूट मिलचे पत्रे आवाज अडवतात. ट्रामच्या तारांजवळ खरखर वाढते. इंजिन चालू असलं की प्लगची ठिणगी कानात टकटकते, आणि बंद ठेवलं की बॅटरी उतरते. शिवाय एरियलच्या बुडाशी तांब्याची एक पट्टी असते, अर्थ स्ट्रॅप. ती जीपच्या उघड्या, खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसायला हवी. नाही बसली, तर उत्तम सेटही लांबवर कुचकामी ठरतो.

पावसाळ्याच्या अखेरीस बराकपूरहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. फौजेत अशा वेळी दिसेल त्याला रंग फासतात. शेलारची जीप मी स्वतः रंगवली. एरियल उतरवून खालचा पत्राही हिरवागार केला. रंग वाळल्यावर पट्टी त्यावरच आवळली. आवारात, शंभर पावलांवरून चेक घेतला. आवाज खणखणीत आला. साहेबांनी शाबासकी दिली आणि मी खूश झालो.

चौथ्या दिवशी नदीला पूर आला. सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला आमची जीप बजबजच्या पुढे बांधावर गेली. जीपमध्ये शेलार आणि बिहारी ड्रायव्हर, दोघंच. सेटवर त्या जीपचं नाव अल्फा टू. पाण्याची खबर दर अर्ध्या तासाला द्यायची होती.

चौदा दहाला, म्हणजे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या कॅप्टनसाहेबांना फोन आला. मागच्या बाजूने बांध खचत होता आणि भरती चढत होती.

"अल्फा टू को वापस बुलाओ. अभी."

"अल्फा टू, कंट्रोल. बांध छोड़ो. ओव्हर."

"कंट्रोल, अल्फा टू. आवाज कट रहा है. से अगेन. ओव्हर."

त्याचं बोलणं मला तुकड्यातुकड्यानं कळत होतं. माझं त्याला काहीच कळत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. इंजिन बंद करून ऐक, असंही सांगितलं. शेवटी कॅप्टनसाहेबांसमोरच मराठीत ओरडलो, "शेलार, पळ तिथनं!"

"तुजंच बोलणं हाय न्हवं? परत बोल. ओव्हर."

मी बोलत राहिलो. चौदा एकवीसनंतर पलीकडून काही आलं नाही.

ड्रायव्हर वाचला. पाणी चाकांना लागल्यावर शेलारने त्याला उंचावर धाडलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "हमने बोला, चलिए. वो बोले, कंट्रोल कुछ कह रहा है, सुन के आता हूँ."

जीप दोन दिवसांनी पाण्यातून निघाली. मी पट्टीचा बोल्ट सोडला. खाली माझाच रंग होता, कुठेही न खरवडलेला. चौकशीत मी तसं सांगितलं. माझ्या बाहीवरची एक फीत उतरवली, हुद्दा एक पायरी खाली आला. मला ती शिक्षा फार कमी वाटली आणि आजही वाटते.

त्यानंतर वर्षभर मी त्या शहरात मराठी बोललो नाही. नवा ऑपरेटर वेळेवर चेक द्यायचा आणि ओव्हर म्हणून थांबायचा. मला फार एकटं वाटायचं.

रजेत मी शेलारच्या गावी गेलो. रंगाचं सगळं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. त्याच्या आईनं मला पाटावर बसवलं, भाकरी वाढली आणि समोर बसली.

"शेवटाला तूच बोलत हुतास न्हवं त्याच्यासंगं?"

"होय, आई."

"मग माज्या पोराला तुजा आवाज तरी नीट ऐकू येत हुता न्हवं?"

मी हो म्हणालो.