तळमजल्यावरचे एचटीएमएल

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. शिवणयंत्राच्या पायाशी कातरणे साचतात तसे ते साचतात. आपण आपले झबले शिवत असतो आणि संध्याकाळी केरसुणी हाती घेतली की लक्षात येते, अरेच्चा, एवढे झाले! मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिवण शिकवल्यामुळे मला उपमा तीच सुचते. वाचकांनी चालवून घ्यावी.

ही कातरणे मात्र कापडाची नाहीत. नव्वदीच्या दशकाची अखेरची वर्षे होती आणि नेरूळला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. तिथे इंटरनेटवरची पाने तयार करायला शिकवत. त्या विद्येचे नाव एचटीएमएल.

* * *

त्या क्लासात मी शिकायला गेले नव्हते. भांडायला गेले होते.

कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही, म्हणून सर्वांनी चपला बाहेर काढायच्या असा तिथे नियम होता. बाहेर म्हणजे आमच्या जिन्यात! एके दिवशी पंधरा जोड ओलांडताना माझा तोल गेला. मी कठड्याला धरून सावरले आणि तशीच दार ढकलून आत शिरले. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा फळ्यावर लिहीत होता. हा नीलेश, क्लासचा मालक, शिक्षक आणि शिपाई, तिन्ही तोच.

"जिना सोसायटीचा आहे," मी म्हटले.

"सॉरी मावशी."

"मावशी नव्हे, बाई म्हणा. आणि फळ्यावर तुमच्या ओळी अशा तिरक्या का उतरत चालल्या आहेत? समासाशी काही नाते आहे की नाही?"

"मुद्दाम आत घेतल्यात, बाई. एका खुणेच्या, म्हणजे टॅगच्या, पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, असं असतं हे."

"म्हणजे कोटाच्या आत अस्तर आणि अस्तराच्या आत खिसा. मग आतला खिसा शिवून पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचा कोट मिटवता येणार नाही."

नीलेशने खडू खाली ठेवला.

"बाई, दोन महिने हेच यांच्या डोक्यात शिरत नव्हतं! उद्यापासून येता का? फी नको."

"फी मी देईन. चपला रांगेत लागल्या पाहिजेत."

दुसऱ्या दिवसापासून चपला रांगेत लागल्या. रांगेतला पहिला जोड माझा होता!

* * *

एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचे. माझ्या वाट्याला आली वैशाली, शेजारच्या शिरवणे गावची, वय वीस. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी तिच्या आजोबांची भातशेती होती, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले. त्यात तक्रार नव्हती, केवळ माहिती होती.

ती तुर्भ्याला एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. पाण्याच्या नळांना, पाइपांना लागतात ते व्हॉल्व्ह. सकाळपासून आठ तास टेबलापाशी उभे राहून खोकी भरायची आणि तशीच क्लासला यायची. आल्यावर पहिली पाच मिनिटे ती काही शिकत नसे, पोटऱ्या चोळत असे.

एक दिवस ती लाल चेहऱ्याने आली. कारखान्याच्या मालकांना इंटरनेटवर आपल्या मालाचे पान हवे होते आणि त्यासाठी वरच्या मजल्यावर, ऑफिसात, एक जागा निघणार होती. हिने मालकांना जिन्यातच गाठले. "साहेब, पान मी बनवते!"

मालक हसले. म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाखव. चाललं तर वर ये. नाही चाललं तर फोर्टच्या कंपनीला काम देतो, तू खालीच बरी."

मी व्यवहाराचे विचारले, "पगार किती वाढणार?"

"ते विचारलंच नाय, बाई," ती म्हणाली, "वरती खुर्ची हाय!"

* * *

त्या दिवसापासून मी तिच्या पानाकडे परीक्षेच्या नमुन्यासारखे पाहू लागले.

नीलेश म्हणाला, "पानावरच्या टेबलाची, म्हणजे तक्त्याची, रुंदी सहाशे पिक्सेल ठेवा."

"पिक्सेल म्हणजे किती इंच?"

"तसं सांगता येत नाही, बाई. मॉनिटरवर अवलंबून असतं."

गिऱ्हाइकागणिक बदलणारे माप मी आयुष्यात मान्य केलेले नाही. पर्समधून टेप काढली आणि मॉनिटर मोजला. आडवा मोजला, उभा मोजला, नीलेश म्हणाला म्हणून तिरकाही मोजला.

"हा किती इंची म्हणून घेतलात?"

"चौदा."

"सव्वातेरा आहे."

नीलेशचा चेहरा उतरला. त्याने असे आठ घेतले होते! तिथल्या तिथे त्याने वाशीच्या दुकानदाराला फोन लावला आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर मी विचारले, काय म्हणाला?

"म्हणाला, चौदा इंच काचेच्या कडेपर्यंत धरतात, चौकटीआडचे धरून. आणि म्हणाला, साहेब, इतकी वर्षं धंदा करतोय, टेप लावणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं!"

* * *

आमच्या वर्गात माझ्या वयाचे आणखी एकच विद्यार्थी होते, कदमकाका. गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. घरात बसून सुनेला अडचण नको, म्हणून क्लासला येत.

अक्षरे ठळक करायची खूण त्यांना फार आवडली. पण सुरू केलेली खूण बंदही करायची असते, हे त्यांच्या हातून राहून जाई. एकदा त्यांचे अख्खे पान शेवटच्या शब्दापर्यंत काळेकुट्ट ठळक झाले.

"काका," नीलेश म्हणाला, "जे महत्त्वाचं तेवढंच ठळक करायचं."

काकांनी चष्मा सारखा करून पान पुन्हा वाचले. "बिनमहत्त्वाचा असता तर मी लिहिला कशाक असता?"

याच काकांनी पुढच्या आठवड्यात पानाच्या पार्श्वभूमीला आपल्या कुलदैवताचा फोटो लावला. लहान चित्र पार्श्वभूमीला दिले की ते फरशीसारखे पानभर पुन्हा पुन्हा उमटते. काकांच्या पानावर एकदम अठ्ठेचाळीस देव अवतरले. काकांनी हात जोडले, आणि तास संपेपर्यंत पानावर एक अक्षरही लिहिले नाही.

"काका, मजकूर कुठे आहे?"

"देवाच्या अंगावर लिवू?" काकांनी उलट विचारले. "आणि एवढे समोर असताना आपण काय बोलायचा?"

नीलेशने त्यांना त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले. कशाचे दिले, ते विचारायचे धाडस मीही केले नाही.

* * *

खंडेनवमी आली. वैशालीचे पान तयार होते. बारा व्हॉल्व्हची बारा चित्रे, प्रत्येकाखाली माप आणि माहिती. दोन दिवसांनी मालकांना दाखवायचे होते. पान फ्लॉपीवर उतरवून झाले होते आणि ती फ्लॉपी वैशालीने जिवापाड जपली होती.

हत्यारांची पूजा कशी करायची, हे गोदीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. काकांनी सूत्रे हाती घेतली. मॉनिटरना झेंडूच्या माळा घातल्या, कीबोर्डवर फूल ठेवले, सर्वांच्या फ्लॉप्या ताटात मांडल्या आणि एकेकीला ओले कुंकू व अक्षता लावू लागले. फ्लॉपीला एक सरकते पत्र्याचे झाकण असते. काका ते अंगठ्याने सरकवून आतल्या काळ्या चकतीलाच कुंकू लावीत होते!

"काका, काय केलंव!" वैशाली ओरडली. तोवर तिच्या फ्लॉपीत दोन अक्षताही गेल्या होत्या.

काका शांत होते. "देवाचा दार बंद ठेवून कुंकू लावतत काय गो?"

नीलेश धावत आला. "घाबरू नकोस! फ्लॉपीवर नुसती कॉपी होती. मूळ पान मशिनमध्येच आहे."

लागलीच दुसरी कॉपी काढू म्हणून वैशालीने बटणाकडे हात नेला, तर काका आडवे.

"मशिन पूजेत आसा. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत बोट लावचा नाय!"

नीलेशने माझ्याकडे पाहिले. मी नेमाची बाई, काय सांगणार? त्यामुळे कॉपी निघाली ती दसऱ्याच्या संध्याकाळी, सोने वाटून झाल्यावर, कोऱ्या फ्लॉपीवर. त्याच मशिनवर आम्ही ती उघडून पाहिली. बाराही चित्रे जागच्या जागी होती. वैशालीने ती फ्लॉपी रुमालात बांधली आणि काकांपासून लांब धरली.

* * *

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला मीही गेले. "बाई, तुमी नुसत्या बाजूला बसा, मंग मला भ्याव वाटनार नाय," असे म्हटल्यावर काय करणार?

मालकांची केबिन वर होती. कॉम्प्युटरवर विणलेले कव्हर, त्यावर कालचे झेंडूचे फूल. समोर मालक, त्यांच्या बाजूला मॅनेजर. मला स्टूल मिळाले; वैशाली उभी होती. मॅनेजरने फ्लॉपी घातली. घर्र घर्र आवाज झाला आणि पान उघडले.

शीर्षक सरळ होते. टेबल सरळ होते. टेबलात बारा चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत एक लाल फुली होती. चित्र एकही नव्हते!

मालकांनी मान वाकडी करून पाहिले. "हे काय? माझा सगळा माल नापास?"

मॅनेजर हसला. काय झाले ते मात्र माझ्या ध्यानात आले आणि कोणामुळे झाले तेही. पानात प्रत्येक चित्राचा पत्ता लिहावा लागतो. चित्र पानाच्या शेजारीच असेल तर नुसते नाव पुरते, असे नीलेशने सांगितले होते. मी ते मानले नव्हते. पाकिटावर नुसते नाव लिहिले तर पोस्टमनने काय करावे? पत्ता कसा पूर्ण हवा! म्हणून मी वैशालीला क्लासच्या मशिनचा, त्यातल्या कप्प्याचा, कप्प्यातल्या खणाचा असा साग्रसंगीत पत्ता लिहायला लावला होता. एकदा नव्हे, बारा वेळा. आणि प्रत्येक मी स्वतः तपासला होता.

"फोर्टला फोन लावू का, साहेब?" मॅनेजरने रिसीव्हर उचललाही.

मी उभी राहिले. "चूक हिची नाही. माझी आहे."

"आजी, चूक कोणाची का असेना," मालक सौम्यपणे म्हणाले, "पान चालत नाही, एवढं खरं ना?"

तीस वर्षांत कोणा मुलीचा बेत मी असा फाडला नव्हता.

वैशालीचे आमच्याकडे लक्षच नव्हते. ती टेबलावर ओणवी होऊन त्या फुल्यांकडे टक लावून पाहत होती. मग एकदम हसली.

"बाई, ह्यो बिचारा चित्रं शोधाया नेरूळला चाललाय! चित्रं तर हितंच हायत, ह्या फ्लॉपीत, त्याच्या खिशात!"

"म्हणजे?" मालक म्हणाले.

"पाच मिंटं द्या, साहेब. उठा जरा."

मालक कोणाच्या सांगण्यावरून खुर्चीतून उठले असतील, असे मॅनेजरच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. पण ते उठले. केबिनमध्ये कॉम्प्युटरपुढे तीच एक खुर्ची होती, उंच पाठीची, फिरती. वैशाली तीत बसली. पानाचा मजकूर उघडला आणि मी लिहवून घेतलेले पत्ते एकेक करून खोडू लागली. कप्पा गेला, खण गेला, नुसते नाव उरले. एक, दोन, तीन, बारा. पान पुन्हा उघडले.

पहिली फुली गेली आणि तिथे पितळी व्हॉल्व्ह उमटला. मग दुसरा. फ्लॉपी घरघरत होती आणि एकेक चित्र वरून खाली उतरत होते.

"अरे, हा आपला दोन इंची!" मालक पुढे झुकले. "आणि हा... हा कोणता गं?"

"दीड इंची, साहेब. खोक्यात चोवीस बसतात. तुमच्या क्याटलॉगात वीस लिवलंय, ते चूक हाय. मी रोज भरते."

मॅनेजरने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. मालक आणखी पुढे आले, खिडकीच्या बाजूने, थेट कीबोर्डवर वाकून. मी पुन्हा स्टुलावर बसले.

वैशालीने मान वर केली नाही. तिचे बोट कळ शोधत होते.

"साहेब, जरा तिकडं सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मालक सरकले!