तुमची चटणी करतो की!

राजारामपुरीत झुंबरबाईंचं मिरची कांडपाचं दुकान आहे. फाल्गुन लागला की दारात रांग. वर्षभराची चटणी, म्हणजे मसाल्याचं लाल तिखट, सगळी गल्ली त्यांच्याच डंकावर कुटून घेते. म्हणून हंगाम महिन्यावर आलेला असताना बाईंना तीन महिन्यांची कैद झाली, तेव्हा बाईंपेक्षा गल्लीच जास्त रडली.

गुन्हा गेल्या हंगामातला. नागपूरहून नवीनच आलेले विश्वजित पिशवीभर मिरच्या घेऊन रांगेत उभे होते. "कधी होईल?" असं त्यांनी चौथ्यांदा विचारलं, तशा बाई डंकाच्या आवाजावर ओरडल्या, "थांबा की पावणं! तुमचीबी चटणी करतो!"

विश्वजित पांढरे पडले. त्यांनी पुराव्यासाठी मोबाइल काढला. बाईंनी त्यांना ढकललं. ते ब्याडगी मिरच्यांच्या ढिगात बसले आणि मग दोन दिवस कुठंच बसले नाहीत.

खालच्या कोर्टानं धक्का तर धरलाच, वर 'ठार मारण्याची धमकी'ही धरली. बाई जामिनावर सुटल्या आणि अपिलात गेल्या.

बाईंच्या वकील संयोगितांनी धक्का सरळ कबूल केला. "धमकी मात्र नव्हतीच, साहेब. फिर्यादीचीच साक्ष वाचते. 'माझ्या पुढच्या पाच महिलांनाही आरोपीने हीच धमकी दिली.'" त्यांनी पान मिटलं. "पाचही जणी डबे भरून घरी गेल्या."

न्यायाधीश साहेबांनी तोंडापुढं कागद धरला. कागद बराच वेळ हलत होता.

धमकी रद्द झाली. धक्क्यासाठी तीन महिन्यांऐवजी शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंतची, म्हणजे तोवर कोर्टातच बसून राहायचं.

जेवणाच्या सुट्टीला साहेब उठले. बाईही पदर खोचून निघाल्या. "उठलं की कोर्ट!"

"बसा मावशी," शिपाई म्हणाला. "साहेब उठल्यात. कोर्ट संध्याकाळी उठतंय."

"आन् आत्ता उठलं ते काय हुतं?"

"भूक!"

संध्याकाळी सुटल्या, तर फाटकाशी विश्वजित. "मावशी, वर्षभर विकतचं तिखट खाल्लं हो. अजिबात चव नाही. या वर्षी मिरच्या आणल्या तर…?"

बाईंनी तोंड उघडलं. संयोगितांनी घाईनं त्यांचा पदर ओढला.

"आणा की," बाई जपून म्हणाल्या. "तुमच्या… मिरच्यांची… करतो. आन् पावणं, ढिगापासनं जरा लांब हुबं ऱ्हावा."