साबणदाणीतला आवाज

मी रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारी बाई. वायर तुटली की आवाज बंद, जोडली की सुरू – माझा विश्वास एवढ्यावरच. कुणी भुताखेतांचं काढलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरीही हे लिहितेय, कारण मागच्या महिन्यात एका लग्नात आमच्या नातेवाइकांनी हा प्रसंग रंगवून सांगितला... आणि त्यातून मला चक्क वगळलं! मी तिथेच बसले होते, हातात पत्रावळ घेऊन.

तर जे झालं ते जसंच्या तसं.

साल दोन हजारच्या पुढेमागे. माझी धाकटी बहीण सुनंदा डोंगरकड्याच्या उपकेंद्रात नर्स होती. तिचा नवरा अशोक अपघातात गेला, त्यानंतर ती रस्त्याकडेच्या त्यांच्या घरात एकटीच राहायची. दुपारी जेवायला घरी आली की फोन वाजायचा. कुणीतरी दाबलेल्या आवाजात विचारायचं, "एकटीच हाईस का?" आणि मग नको नको ते. नंबर दिसणारा फोन तेव्हा तिच्याकडे नव्हता, आणि बाळंतिणींचे निरोप त्याच फोनवर येत, म्हणून तो काढून टाकणंही शक्य नव्हतं.

तिच्या दिराचं, मिलिंदचं, एकच पालुपद. "वहिनी, एकल्या बाईनं असं ऱ्हाणं बरं न्हाई. आमच्याकडं या. ह्या घराचं मी बघतो."

सासूबाईही त्याच्याच बाजूच्या. सुनंदा जवळजवळ तयार झाली होती. हिंगोलीला माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "अक्का, मला त्या फोनची घंटी ऐकली तरी जेवण जात न्हाई."

मला राग आला. फोन करणाऱ्याचा तर आलाच, पण घर सोडायचं तेही हिनंच, याचा जास्त. मी म्हटलं, "पुरुषाचा आवाजच पाहिजे ना? मी बनवून देते."

आवाज बदलणारी छोटी आयसी, म्हणजे चिप, नांदेडला मिळायची. ती आणली. एक कंडेन्सर माईक, अॅम्प्लिफायरची दुसरी आयसी, मेलेल्या ट्रान्झिस्टरमधला स्पीकर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. सगळं प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलं. स्पीकरसाठी भोकं गरम सोल्डरिंग आयर्ननेच पाडली. पहिल्यांदा बोलले तर रोबोट खोकल्यासारखा आवाज आला. जोडणी बदलून बदलून शेवटी जाडाभरडा, डब्यात तोंड घालून बोलणारा बाप्या तयार झाला. सुनंदा कितीतरी दिवसांनी हसली. "अक्का, ह्याला तर सर्दी झाली!"

पुढच्या सुट्टीला मी ती साबणदाणी घेऊन डोंगरकड्याला गेले. प्रवासात मी बॅटरी कधीच जोडलेली ठेवत नाही – बटण चुकून दाबलं गेलं तर उतरते. क्लिप काढून बॅटरी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली होती. हे लक्षात ठेवा.

घरात पाय ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. भरदुपार, दार सताड उघडं. सुनंदा तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी घाईघाईने साबणदाणी काढली, रिसीव्हर उचलला, स्पीकर त्याच्या तोंडाशी धरला आणि माईकमध्ये म्हणाले, "कोण बोलतंय?"

स्पीकरमधून आवाज आला. पण माझे शब्द नाहीत. सर्दी झालेला बाप्याही नाही. स्वच्छ, शांत, पुरुषी आवाज – "मिल्या, काहून तरास देऊन राहिला तिला? ठेव फोन."

पलीकडे श्वास अडकल्यासारखं झालं. मग दाबलेला नाही, सरळ, ओळखीचा, रडवेला आवाज – "दादा?..." आणि फोन बंद.

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पांढरीफटक. म्हणाली, "असं तर हे म्हणायचे."

"अर्ध्या मराठवाड्यात थोरले भाऊ असंच म्हणतात," मी म्हटलं. मग सवयीप्रमाणे बॅटरी काढायला साबणदाणी उलटी केली. क्लिप मोकळी लोंबत होती. बॅटरी पर्समध्ये, कागदात, जशीच्या तशी.

मी काय काय तपासलं ते सांगते, म्हणजे कुणी मला शिकवायला येऊ नये. कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर एक वाक्य बोललं जात नाही. क्रॉस कनेक्शन असतं तर आवाज रिसीव्हरमधून आला असता, माझ्या हातातल्या स्पीकरमधून नाही. बाहेर जाऊन बघितलं, ओट्यावर शेळीशिवाय कुणी नव्हतं. आणि फोन करणारा मिलिंद आहे हे आम्हा दोघींना स्वप्नातही माहीत नव्हतं. तोंडावर रुमाल धरून बोलत होता म्हणे.

संध्याकाळी तो हार घेऊन आईबरोबर आला. सरळ अशोकच्या फोटोसमोर गेला, मेणबत्ती लावली, हात जोडून रडला. "दादा, चुकलं माझं. मला माफ कर."

सुनंदा दोन पावलांवर उभी होती. तिच्याकडे त्यानं मानसुद्धा वळवली नाही!

मी म्हटलं, "मिलिंद, फोटोचं जेवण नव्हतं जात. जिचं जात होतं ती इकडं हाय."

सासूबाई मध्ये पडल्या. "ऱ्हाऊ द्या बाई, दादानं समजावलं त्याला. झालं बराबर."

"झालं कुठं? तोंड फिरव रे इकडं."

त्यानं फिरवलं. "वहिनी, माफी," इतकंच म्हणाला, तेही जमिनीकडे बघून.

सुनंदा त्या घरातच राहिली. आजही आहे. पण का, ते ऐका – "अशोक घरात आहे ना, मग तिला काय भीती!" असं सगळे म्हणतात. घर तिचं आहे म्हणून नाही, ती कमावते म्हणून नाही.

त्यानंतर ती साबणदाणी मी शंभरदा वाजवून पाहिली. बॅटरी लावली की सर्दी झालेला बाप्या बोलतो, काढली की गप्प. त्या दुपारचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचं मला पटत नाही. पण समजा, तो खरंच अशोक होता. तर माझा त्याला एकच सवाल आहे – इतके महिने ती पोरगी उपाशी उठत होती, तेव्हा काहून गप्प बसला होता?